वर्षाचा मसाला

आमच्या बिल्डिंगला लागून मरोळचं गावठाण आहे. तिथल्या एका आंटींच्या तोंडी सदा एकच वाक्य असतं, "देव बघेल." एवढं म्हणून त्या स्वतःच कामाला लागतात. रस्तारुंदीत घराची पायरी जाणार अशी नोटीस आली, तेव्हाही "देव बघेल" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन वॉर्ड ऑफिसात बसायला लागल्या. पायरी अजून आहे.

यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली. गॅसचा नंबर लावलाय म्हणावं, तशी त्यांनी मला ही बातमी दिली आणि लगेच विचारलं, "बिअरच्या रिकाम्या बाटल्या आहेत का रे?"

आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती; त्यांच्या घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटतात आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. नवरा होता तोवर बाटल्यांची ददात नव्हती. मी सोसायटीत दारोदार हिंडून वीस गोळा केल्या. तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याशी जपून बोलतो.

मे महिन्यात आंटी अंगणात त्याच स्टुलावर बसून, डोक्याला स्कार्फ बांधून, काठीने मसाला ठासत होत्या. मला राहवलं नाही.

"आंटी, अख्ख्या वर्षाचा कशाला?"

"वर्षाचा वर्षाचाच करतात."

"पण तुम्ही..."

"मी जाणार तिथे जेवण तयार आहे. येशूने सांगून ठेवलंय. मसाला इथल्यांना लागेल."

मग एक भरलेली बाटली माझ्या हातात दिली.

"संपली की धुऊन परत आण. पुढच्या उन्हाळ्यात लागेल."