मोतीशेठच्या नावाचं झुरळ

मंडळी, टपालाने फिरणाऱ्या आपल्या या पत्रात आज सकाळचीच गोष्ट लिहितो.

नंदुरबारचे कापडवाले मोतीशेठ यांच्या मळ्यात विहीर खणताना दगडात उमटलेला एका किड्याचा पंख सापडला. मला तो चतुराचा वाटला. उत्साहात मी म्हणालो, "नवी जात निघाली तर तुमचंच नाव देईन." शेठनी ते बाजारभर केलं.

आज भिंगाखाली पंखाच्या शिरा काढून झाल्या. त्यांचे फाटे पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळेनात, म्हणजे जात नवी. पण पंखाच्या मुळाशी कमानीसारखी खोल रेघ दिसली. ती झुरळाची खूण.

दुकानात जाऊन चाचरत सांगितलं. शेठनी हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला.

"कितलं जुनं शे?"

"माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं."

त्यांनी गज पुन्हा उचलला. "मंग नाव ऱ्हाऊ द्या, मास्तर. इतलं जुनं खानदान बजारमा दुसरं कोनं शे?"

माझा जीव भांड्यात पडला. निघताना त्यांनी हळूच अट घातली, "फक्त बजारमा लॅटिन नावच सांगा."

संध्याकाळपर्यंत तिघे त्या नावाचा अर्थ विचारून गेले. तुम्ही काय सांगितलं असतं?