एक पायरी वर

दौलतमामा कोणत्याही मुलाला नाव विचारत नसत. "कितवी?" एवढंच विचारत. बेल्याच्या आठवडी बाजारात त्यांच्या वांग्या-मेथीसमोर आईचा पदर धरून उभं राहिलेलं पोर असो, नाहीतर मयतीला आलेली कोणाची नात असो, प्रश्न तोच. उत्तर मिळालं की मान डोलवायची आणि ते डोक्यात ठेवून द्यायचं. पुढे कैक वर्षांनी त्या पोराच्या लग्नाचा विषय निघाला की मामा ते बरोबर बाहेर काढत. भाजी हा त्यांचा पोटाचा धंदा होता आणि सोयरिकी जुळवणं हा जिवाचा.

नात्याने ते माझे कोणी नव्हते. माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. बेला, जैनथ आणि पैनगंगेपलीकडची गावं धरली तर आमच्या समाजातली निम्मी लग्नं त्यांनी लावून दिली असतील. त्याबद्दल दुपट्टा-टोपी आणि नारळ याखेरीज काही घेत नसत. साक्षगंधाच्या जेवणात मात्र दुसऱ्यांदा बुंदी वाढायला कोणी विसरलं, तर ते घर त्यांच्या लक्षात राही.

त्यांचा नियम एकच होता. "पोरगं एक पायरी वर पायजे. पोरगी सातवी त पोरगं दहावी. पोरगी दहावी त पोरगं इंटर. सोयरिक म्हंजे जू हाय बाई, बरोबर बसलं पायजे." एक बैल उंच असला तर जू बरोबर कसं बसेल, असं मी एकदा विचारलं. "बैलाचं येगळं, मानसाचं येगळं," असं म्हणून त्यांनी मेथीवर पाणी शिंपडायला घेतलं.

त्यांचं हे गणित बरीच वर्षं सुटत गेलं. मग पायऱ्याच हलल्या. आमचा भाग तेलंगणातला, पण दहावीपर्यंत मराठी शाळा. पुढे इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की तेलुगू नाहीतर इंग्रजी. मुलं तिथेच गळायला लागली. इंटर कसंबसं झालं की कोणी पिकअप चालवू लागे, कोणी मोबाइलचं दुकान टाके, कोणी बापाच्या ट्रॅक्टरवर बसे. मुलींना घराबाहेर पडायला कॉलेज हे एकच कारण होतं, म्हणून त्या पाठ करकरून पुढे सरकत राहिल्या. त्यात आता बायकांना बसही फुकट झाली. मी आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात इतिहास शिकवते. माझ्या वर्गात पुढचे बाक मुलींचे असतात आणि मधलेही मुलींचेच. मुलं परीक्षेच्या आधी येतात आणि आपलं नाव अजून हजेरीत आहे का, ते विचारतात.

नियम मोडायचा नाही आणि लग्नं तर लावायची, म्हणून मामांनी तोड काढली. मुलीचं शिक्षण कमी सांगायचं. बी.ए. झालेली असली तर इंटर सांगायची. बी.एड. असली तर "करत होती, सोडलं" म्हणायचं. मुलाकडच्यांना बहुतेक वेळा खरं ठाऊक असे, पण चारचौघांत कमी सांगितलेलं ऐकून त्यांची मानही खाली जात नसे. सगळ्यांचं भागत असे. माझ्या वेळी मामा आमच्या घरी येऊन आईला म्हणाले, "यम्मे म्हणू नका. डिग्री म्हणा. तेबी हळू म्हणा." मी रागाने आत निघून गेले. सुदैवाने मला मिळालेला माणूस माझ्याइतकाच शिकलेला होता, म्हणून आमच्या घरी हळू बोलायची वेळ आली नाही. मामांना मात्र ते लग्न शेवटपर्यंत थोडं अपुरं वाटत राहिलं, कारण नवरा बरोबरीचा होता, वरचा नव्हता.

त्यांची स्वतःची लेक रेखा माझ्याच कॉलेजात शिकली. तिचा थोरला भाऊ गणेश इंटरनंतर पिकअपवर गेला होता. रेखा बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली आणि तिला हैदराबादला एम.एस्सी.ची सीट मिळाली. त्याच आठवड्यात तलमडुगूचं स्थळ आलं. मुलगा इंटर, शेती भरपूर, दोन ट्रॅक्टर, व्यसन नाही. मामांनी रेखाला सांगून टाकलं, "हैदराबाद राहू दे. आताच दोन पायऱ्या वर गेली तू. अजून चढली त उतरवू कशी?" रेखा माझ्याकडे येऊन रडली. मी मामांशी बोलले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवता ते चांगलंच हाय. पण लगन मी लावतो."

बघायच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी मॅडम, माझा शब्द रेखा ऐकते, म्हणून तिने कमी बोलावं एवढं मी तिला समजावायचं होतं. मी गेले, पण तिला काहीच समजावलं नाही. कमलमामींनी तिला आपली हिरवी साडी नेसवली होती. "दुसऱ्या सालात सोडलं" असं सांगायचं ठरलं होतं. त्याने हैदराबादचा प्रश्नही आपोआप मिटत होता.

पोहे झाले. चहा घेऊन रेखा बाहेर आली. मुलाच्या काकांनी मामांचाच प्रश्न मामांना विचारला, "पोरगी कितवी?"

मामांनी तोंड उघडलं. जे वाक्य त्यांनी इतरांच्या ओट्यांवर पान खाता खाता म्हटलं होतं, ते आता येईना. ते खाकरले. रेखाकडे पाहिलं. मग टोपी सारखी करून म्हणाले, "बीयस्सी झाली. पहिल्या वर्गात. हैदराबादले यमेस्सीची शीट भेटली तिले. पुढच्या महिन्यात चालली."

आपण जाणार, हे रेखालाही तिथेच कळलं. तिने ट्रे खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली. काका म्हणाले, "बरं बरं, चांगलं हाय," आणि चहा अर्धा ठेवून उठले. मुलगा सगळ्यांत शेवटी निघाला. चप्पल घालता घालता मामांना म्हणाला, "मामा, मले चाललं असतं. बाबाले नाई चालणार."

पाहुणे गेल्यावर कमलमामींनी घर डोक्यावर घेतलं. "आलेलं सोनं हाकललं. गावच्या पोरी खपवल्या अन् सोताची घरात ठेवली. काऊन बोलले तुमी?" मामा ओट्यावर बसून होते. "जीभच नाई वळली," एवढंच म्हणाले. मला वाटलं, हा माणूस त्या घटकेला मला जेवढा आवडला तेवढा कधी आवडला नव्हता.

रेखाला वसतिगृहात पोचवायला ते स्वतः गेले. त्यानंतर मुलीचं शिक्षण कमी सांगायचं काम त्यांनी सोडलं, आणि मग त्यांच्याकडे फारसं काम उरलं नाही. लोक मोबाइलवर स्थळं बघू लागले. पण मामांना त्या तलमडुगूच्या मुलाचं वाक्य लागून राहिलं होतं. "पोरगं खराब नव्हतं मॅडम. त्याले इंटरातच ट्रॅक्टरवर बसवलं. पोरीयले खाली ओढत बसलो आमी, पोरायले वर ढकलाची अक्कल नाई आली." मग बाजारात ते मुलांच्या आयांच्या मागे लागले. वांगी तोलता तोलता म्हणायचे, "पोराले डिग्रीत टाक. नाईतर सून कुठून आणशीन?" आया हसायच्या आणि वांगी घेऊन जायच्या. एखादा मुलगा कॉलेजात नाव घालायचा, दोन महिने यायचा आणि पुन्हा पिकअपवर दिसायचा. यश फार आलं असं मी म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. रेखा हैदराबादला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिशी जवळ आली, लग्न झालेलं नाही. स्थळं येतात आणि तिचं शिक्षण ऐकून परत जातात. तिची तक्रार नाही असं ती म्हणते. कधी कधी असते, हे मला तिच्या आवाजावरून कळतं.

तेरवीला अंगणात बायका बसल्या होत्या. जैनथच्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं मामांनीच लावली होती, उसासा टाकून म्हणाल्या, "साऱ्या गावच्या पोरी उजवल्या बिचाऱ्यानं. सोताच्या पोरीचं लगन तेवढं राहिलं."

मी कमलमामींकडे पाहिलं. बघायच्या त्या दिवसापासून नवऱ्याशी त्या धड बोलल्या नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पत्रावळी मांडत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या पोरी कमी सांगतल्या त्यायनं, मावशी. माही पुरी सांगतली."