बाबांचं चुकलेलं टेबल

खंडेनवमीच्या सकाळी वर्तकनगरच्या आमच्या घरी सुतार टेबल घेऊन आला. नव्वदचं दशक संपत आलेलं, मला नुकतीच इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालेली... आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर कॉम्प्युटर घ्यायचा होता.

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. भिंतीत खिळा मारायचा तरी आधी पेन्सिलीने खूण करणारा माणूस! त्यामुळे टेबलाचंही त्यांनी रीतसर ड्रॉइंग काढून सुताराला दिलेलं. मॉनिटरसाठी मधोमध खण, खाली कीबोर्डची फळी. दरवर्षी खंडेनवमीला त्यांचा रेघा आखायचा टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी पूजेला असायची, ती त्या वर्षी नव्या टेबलावर मांडली.

दसऱ्याला आम्ही दोघं डोंबिवलीला ओळखीच्या दुकानात गेलो. मी घरी अभ्यास-अभ्यास म्हणत होतो, पण जीव सगळा गेममध्ये. आणि दुकानात नेमका गाड्यांच्या रेसचा गेम चालू... इंजिनाच्या आवाजासकट.

दुकानदार म्हणाला, "बजेटमध्ये एकच बसेल. मोठा मॉनिटर, नाहीतर सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि स्पीकर."

बाबा मोठ्या मॉनिटरसमोर बराच वेळ उभे होते. "यावर ड्रॉइंगची अख्खी शीट दिसते का हो?" असं त्यांनी विचारलंही. मला वाटलं, माझ्या अभ्यासासाठी विचारताहेत.

"छोट्यावर पण चालतं बाबा, सरकवून बघायचं," मी म्हटलं. नजर गेमवरच.

बाबा हसले. "बरं, मग तुझे स्पीकर घे."

संध्याकाळी झेंडूची माळ घालून तो छोटा मॉनिटर टेबलाच्या खणात ठेवला आणि घरात हशा पिकला. मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखा दिसत होता तो! दोन्ही बाजूंना ही एवढी जागा.

"जन्मभर दुसऱ्यांची मापं काढली आणि घरचं टेबल चुकलं," आई म्हणाली. मामा तर पुढे कित्येक वर्षं "भावोजींच्या मापात पाप" म्हणून चिडवायचा. बाबांचं एकच उत्तर... "अरे, स्पीकरना जागा सोडली आहे."

नंतर त्यांच्या कारखान्यात ड्रॉइंग कॉम्प्युटरवर गेलं. बाबा घरी शिकायला बसायचे. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकलेलं. ड्रॉइंग सरकवता सरकवता रेघ कुठून सुरू झाली तेच हरवायचं. एक दिवस उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. थोड्याच दिवसांत नोकरीही सोडली. वयाचं कारण सांगितलं, आम्हीही ते मान्य करून टाकलं.

यंदा नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत सामंतकाका भेटले. कारखान्यात बाबांच्या शेजारच्याच ड्रॉइंग बोर्डावर काम करायचे. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी विषय त्यांचाच निघाला.

काका म्हणाले, "अरे, आमच्यात सगळ्यात आधी तोच कॉम्प्युटर शिकणार होता. मोठा स्क्रीन घेतोय, शिकून तुम्हाला पण शिकवतो, म्हणायचा. दुकानात जाऊन मॉनिटर मोजून आलेला, टेबल त्याच मापाचं करायला टाकलेलं! मग काय झालं रे? घेतला नाही का?"

रांग पुढे सरकली. मी तसाच उभा राहिलो...

ते टेबल अजून माझ्याकडे आहे. आता त्यावर लॅपटॉप असतो, खण रिकामाच. बायको कधीची म्हणते, काढून टाकू या.

यंदा खंडेनवमीला बाबांचा टी-स्क्वेअर काढला, पुसला आणि त्या खणाला लावून पाहिला. मग आईला हाक मारली. मामालाही फोन केला.

बाबांचं माप बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं.