राजूरला जाऊन-येऊन पुरणारी बॅटरी

ती बॅटरीची गाडी घेतली, कारण तिला लायसन लागत नव्हतं. हसनाबादेत तेव्हा बायका गाडीवर मागं बसायच्या. पण आवाज न करणाऱ्या, सायकलीपेक्षा जराशीच जास्त पळणाऱ्या त्या गाडीला कुणी गाडी म्हणायलाच तयार नव्हतं, म्हणून माझं फावलं. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट.

माझं माहेर राजूर. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई बाजेवर होती, काठी धरून मोरीपर्यंत जायची तेवढंच. भाऊ-भावजय दिवसभर देवळापाशी नारळ-पेढ्याच्या दुकानात. मंग आठवड्यातून दोनदा मी जायची, तिला अंघोळ घालायची, वेणी घालायची. काम तासाभराचं. पण गाडी विकणाऱ्यानं काहीही सांगू द्या, बॅटरी जाण्यापुरतीच टिकायची. परत यायला तिथं चार्जिंग लावायचं. लाईट असली तर तीन तास, लोडशेडिंग लागलं तर देव मालक.

आमच्याकडं जवळच्या माहेरी गेलेल्या लेकीनं काम करावं अन् उठावं. बसून राहिली की बोभाटा. सासूबाई उंबऱ्यातच विचारायच्या, "लग्नाला वीस वर्षं झाली, माहेर सुटंना का गं अजून?"

"बॅटरी उतरल्ती," मी म्हणायची. यावर काय बोलणार बिचाऱ्या?

पण मला वैताग यायचा. इकडं दुपारची कामं सगळी पडलेली अन् मी तिकडं चार्जरचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलेली. मालक विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांना म्हणलं, "गावाच्या मोटारी चालू करता अन् बायकोची गाडी वाटेत मरती. लाज न्हाई वाटत?"

ते बोलणं झोंबलं. आधी त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या लावायचा घाट घातला. म्हणलं, चार ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या ठेवल्यावर मी बसू कुठं? शेवटी जालन्याहून चार मोठ्या बॅटऱ्या आणल्या. त्या सीटखाली मावेनात, म्हणून पाय ठेवायच्या जागी लोखंडी पेटी वेल्डिंग करून घेतली. त्या पेटीवर पाय ठेवले की गुडघे हँडलला लागायचे. पण राजूरला जाऊन आले तरी काटा अर्ध्याच्या खाली उतरला न्हाई! पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले मी.

पुढच्या खेपेला आईची वेणी झाली अन् मी चप्पल घातली.

"एवढ्यात?"

"आता चार्जिंग लागत न्हाई. मोठी बसवली."

"बरं झालं बाई," ती म्हणाली.

असं तीन-चार वेळा झालं. मंग एकदा केस विंचरताना तिनं विचारलं, "जुनी बॅटरी कुठाय?"

"मोडीत दिली."

"चांगली होती."

"कशाची चांगली? मेलेली होती ती!"

"मला पुरत होती," आई म्हणाली.

मी फणीत अडकलेले केस काढायला लागले. त्या तीन तासांत आम्ही काय करायचो? काहीच न्हाई. डाळ निवडायचो, ती माझ्या लहानपणच्या खोड्या सांगायची, कधी बोलता बोलता डोळा लागायचा तिचा. अन् ते तास मीच नवऱ्याच्या मागं लागून, भांडून काढून घेतले होते. स्वतःचीच चीड आली मला.

त्यानंतरच्या खेपेला चार्जर घेऊन गेले. घरी सासूबाईंना सांगितलं, "ही बी उतरती हो." मालक तिथंच होते. चिडले, मीटर आणून बॅटरी तपासायला बसले. "बिलकुल बराबर हाय की!" म्हणाले, अन् माझ्याकडं बघून त्यांनी मीटर गुंडाळून ठेवलं. पुढच्या वेळी निघताना चार्जरची पिशवी त्यांनी आधीच हँडलला अडकवून ठेवलेली.

आईच्या उशाशी फळीवर चार्जर असायचा. एका दुपारी बोलता बोलता त्याचा दिवा हिरवा झाला. मी बघितला, आईनंही बघितला. मी काही म्हणायच्या आत तिनं बाजेवरून काठी उचलली अन् तिच्या टोकानं ढकलत ढकलत चार्जरचं तोंड भिंतीकडं केलं.

"लालच असंल अजून," म्हणाली. "बस."