चौथी खुर्ची

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचंच चित्र माझ्यापुढे उघडं होतं. सकाळचा चहा, पेपर आणि आतल्या पानावर तळाशी त्याची तीन चौकटींची ‘जेवणाची सुट्टी’... पहाटे झोपेतच गेला, असं त्याच्या घरून सुलभावहिनी सांगत होत्या आणि मी मूर्खासारखा म्हणालो, “अहो, असं कसं? आजच्या पेपरात आहे की तो!” मग माझ्या लक्षात आलं, की आजचा दिवस धरून पेपरात तो अजून दहा दिवस असणार आहे.

दिगूचा नियमच होता तसा. दहा चित्रं कायम पेपरच्या ऑफिसात आगाऊ पोचलेली हवीत. रोज एक छापून आलं, की हा एक नवं पाठवणार. चिंचवडच्या आमच्या कंपनीत तो ड्राफ्ट्समन, मी टूलरूममध्ये फिटर. तो संगमेश्वरकडचा, मी लातूरकडचा. कँटीनच्या एका टेबलावर आमची गाठ पडली आणि तिथंच त्याला त्याची चित्रमालिका सापडली. एक टेबल, चार खुर्च्या, डबा खायला बसलेले चार कामगार आणि त्यांच्या गप्पा, एवढंच. त्यातला चष्मेवाला म्हणजे तो स्वतः. आधी टेबल-खुर्च्या पट्टीने नीट आखून घ्यायचा, मग एकेक माणूस मोकळ्या हाताने बसवायचा. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. “टेबल वाकडं झालं तर साहेब ओरडेल,” तो म्हणाला. “माणसं वाकडी असतातच रे मेल्या!”

चौथ्या खुर्चीवर, त्याच्या बरोबर समोर, मी होतो. झाकणराव... डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड जेवणारा. आता सांगायला हरकत नाही, ते अगदी खरं होतं. त्या वर्षी माझी बायको अंथरुणाला खिळली होती. सकाळी पोळ्या मी लाटायचो, एका बाजूला करपलेल्या, दुसऱ्या बाजूला कच्च्या. कुणाला दिसू नयेत म्हणून झाकण आड धरायचो. घरचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, दिगूलाही नाही. त्याला फक्त झाकण दिसलं आणि सबंध कंपनी मला झाकणराव म्हणायला लागली, अगदी गेटवरच्या वॉचमनपर्यंत. बरेच दिवस मी हसण्यावारी नेलं, पण एका दुपारी सगळ्यांसमोर माझा तोल गेला. “दिग्या, माझी बायको मरायला टेकलीय अन् तू माझ्या डब्यावर लोकाला हसवायलास? काढ मला तिथून!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तरी दुसऱ्या दिवशी झाकणराव पेपरात हजर. तिसऱ्या दिवशीही. मी दहा दिवस त्याच्याशी बोललो नाही. आगाऊ दिलेली चित्रं त्याने परत मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, हे मला फार नंतर कळलं. अकराव्या दिवशी झाकणराव गायब होता. खुर्ची मात्र होती, रिकामी. ‘झाकणराव कुठंय?’ असं कुणीतरी विचारत होतं आणि चष्मेवाला म्हणत होता, ‘पाणी आणायला गेलाय.’ त्या दुपारी दिगूने माझ्या झाकणात घरच्या दोन मऊ पोळ्या ठेवल्या आणि खाली मान घालून जेवायला लागला. माझी बायको हिंडू-फिरू लागेपर्यंत त्या पोळ्या येत राहिल्या. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही आणि मीही नाही.

पुढे आमचं खातं चाकणला गेलं, आम्ही कंपनीच्या बसने जाऊ लागलो, यथावकाश रिटायरही झालो. कानावर कामगारांची भाषा पडत राहावी म्हणून दिगू चिखलीतल्या वर्कशॉपांसमोरच्या टपरीवर तासन्‌तास चहा पीत बसायचा. चित्रातलं टेबल तेच राहिलं आणि चौथी खुर्ची रिकामीच. वाचक पत्रं पाठवून विचारायचे, हा तेच उत्तर द्यायचा. खरं सांगतो, माझा राग केव्हाच विरला होता. रोज ती खुर्ची बघून जिवाला चुटपुट लागायची. पण ‘मला परत बसव’ म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि मी म्हटल्याशिवाय तो बसवणार नव्हता. दोघेही एकापेक्षा एक हट्टी.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पिंपळे सौदागरला त्याच्या घरी गेलो होतो. निघताना चपला घालता घालता तोंडातून निघून गेलं, “दिगू, माझं पाणी आणून झालं रे.”

तो चष्मा काढून पुसायला लागला. “किती उशीर केलास मेल्या...” म्हणाला. “ये. पण दहा दिवस थांबावं लागेल.”

म्हणून तो गेल्यावर रोज सकाळी मी दार उघडून पेपरची वाट बघत बसायचो. ती दहा चित्रं आधीच गेलेली आहेत हे डोक्याला कळत होतं, तरी आशा सुटत नव्हती. दशक्रियेच्या दिवशी दहावं चित्र आलं. खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवसापासून तिथं शब्दकोडं येऊ लागलं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. खिडकीशी त्याचा ड्रॉइंग बोर्ड तसाच होता. “भाऊजी, त्या संध्याकाळी तुमची पाठ वळली आणि हे लगेच बसले. जेवायला हाका मारून मारून मी दमले,” त्या म्हणाल्या. बोर्डवर नुसत्या पेन्सिलीने केलेलं चित्र होतं. टेबल आखलेलं, चारही खुर्च्या आखलेल्या. माणूस मात्र एकच काढून झाला होता. मी... झाकण बाजूला ठेवलेलं, डबा उघडा, डब्यात दोन पोळ्या. मला तिथंच रडू कोसळलं.

वहिनी ‘घेऊन जा’ म्हणाल्या, पण बोर्डवरून ते काढायला माझा हात धजेना. अधूनमधून जाऊन बघून येतो. परवा बायकोला बरोबर नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. “हे तुम्हीच,” म्हणाली. “पण तुमच्या समोरच्या खुर्चीत कुणीच कसं नाही?”

“दिगूची आहे ती,” मी म्हणालो. “पाणी आणायला गेलाय.”