राखेखालची ऊब

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. आभाळाचा अभ्यास करतो म्हटलं की गावात जो तो मला एकच विचारायचा, "पाऊस कधी?" मी वैतागलो होतो. निलंग्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या कुंभार मावशींनी मात्र विचारलं, "आभाळात नेमकं काय बघताव?" उन्हाळ्यानं त्यांचे माठ धडाधड खपले होते. रिकामी टोपली मांडीवर घेऊन त्या खुशीत होत्या.

मी सांगितलं, दूरच्या दीर्घिकांत धुळीच्या ढगांआड नवे तारे जन्मतात. ते दिसत नाहीत, पण धूळ तापते. तिचे अवरक्त किरण, म्हणजे उष्णताच, उपकरणानं इंद्रधनुष्याच्या रंगांसारखे वेगवेगळे करून आम्ही आतलं ओळखतो.

"हाव की! मडक्याच्या आव्यावर राख घातल्यावर आतलं कुठं दिसतंय?" त्यांनी निबर तळवा समोर धरला, जणू भट्टी पुढच्या सीटवरच होती. "मीबी अस्सा हात धरूनच वळखते. किती लांब हाय तुमचा आवा?"

"तिथली ऊब इथं पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात."

मावशी खो खो हसल्या. "आवं, मग मडकी कवाच भाजून निघाली! तुमी आपले अजून हात धरून बसलाव!"