खिडकीचा कागद आणि झुरळं
घासलेटात कालवलेल्या औषधाचा उग्र वास नाकात गेला की मला रांझीचं ते फॅक्टरीचं क्वार्टर आठवते. लढाईचे दिवस होते, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्यूटी अन् रात्री ब्लॅकआउट, उजेडाची तिरीपही बाहेर जाऊ द्यायची नाही. हुकूम आला म्हणून बायकोने सगळ्या काचांवर मैद्याच्या खळीने काळा कागद चिकटवला, आणि महिन्याभरात घर झुरळांनी भरलं. मग आमच्याकडे पहिल्यांदाच औषध फवारणारा माणूस आला, पाठीवर टाकी घेऊन. डबे, भांडी, गाद्या, सगळं त्याने अंगणात काढायला लावलं. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. त्यांच्यासमोर तो बायकोला म्हणाला, "बाईजी, थोड़ी सफाई भी रखा करो." दोन्ही वेळा फरशी पुसणारी बाई ती, मान खाली घालून उभी राहिली. बाया तोंडाला पदर लावून आपापल्या घरी गेल्या. मी त्याला हाताला धरून आत नेलं अन् खिडकीचा कागद फाडला. खळ खाऊन माजलेली झुरळं भराभरा बाहेर सांडली, पण ते बघायला गल्लीतलं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काहून, आता बोल ना!" तो फवारून निघून गेला. त्या संक्रांतीला बायकोने हळदीकुंकवाला कोणालाच बोलावलं नाही. परवा पोराच्या घरी औषधवाला आला अन् सुनेला म्हणाला, "दीदी, कॉकरोच तो साफ घरों में भी हो जाते हैं." बायको आता ऐकायला उरली नाही, तरी मी म्हटलं, "भैया, जोर से बोलो, बाहर तक जाए." तो हसला अन् माझ्या कानाशी येऊन ओरडला. त्याला वाटलं, म्हातारा बहिरा आहे.